मापाखालचा दिवा

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांवरील त्यांचे संस्कृत काव्य 'शिवभारत' छापले गेले ते १९२७ साली, रचनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध रचला गेला, असे परंपरा सांगते. तो मात्र मठामठांतून नकलला गेला, घरोघर पोहोचला. गोव्यात फादर स्टीफन्सांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झाले व चर्चमधून मोठ्याने वाचले गेले.

मग आपले पुस्तक आपणच लोकांपुढे नेणे, हा अहंकार की कर्तव्य? दिवा मापाखाली ठेवू नये, असे प्रभूने सांगितले. दान देताना कर्णा वाजवू नये, असेही सांगितले. मी सोयीने दुसरे वचन धरून बसलो. कवितासंग्रहाचे गठ्ठे माळ्यावर, आणि त्याला नाव नम्रता! खरे तर मला नकाराचे भय होते. कर्णा निंद्य ठरतो तो वाजवणाऱ्याच्या कौतुकासाठी वाजतो म्हणून. दिव्याचा उजेड तर घरातल्यांसाठी असतो. माझ्या कविता यांपैकी काय आहेत, हे माळ्यावर कळणार कसे?

गेल्या रविवारी मिस्सानंतर पाच प्रती घेऊन चर्चच्या पायरीशी उभा राहिलो. दोन खपल्या. एक आजी म्हणाल्या, "मला आता अक्षर दिसत नाही, बाबा. तूच वाच." तिथेच बसून तीन कविता वाचल्या. तिसरी त्यांना आवडली नाही.