गारव्याचं परिमाण

दुबई-अबुधाबीला मुलांकडे राहून आलेल्या आपल्याकडच्या बायका परत आल्या की काय काय सांगतात, ते ऐकण्यासारखं असतं. बुर्ज खलिफा उंच आहे, हे एका वाक्यात संपतं. सोन्याच्या बाजारावर दहा मिनिटं जातात. पण खरा रंग भरतो तो गारव्याच्या गोष्टीला. "अगं, बाहेर नुसती भट्टी! गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. आणि त्या पार्कात पाऊल टाकलं की अंगावर काटा. शाल घ्यावी लागली बघ." ऐकणाऱ्या सगळ्या "हो का!" म्हणतात. त्या "हो का"त कौतुक असतं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही असतो.

मला त्या शालीबद्दल बोलायचं आहे. बाहेर ४५ अंश आणि आत शाल, ही गोष्ट आपण गमतीने सांगतो. पण तिच्यात एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो आपल्या आचार्यांनी फार पूर्वी, वीज नव्हती तेव्हाच, विचारून ठेवलेला आहे.

आधी ही ठिकाणं काय आहेत ते बघू. अबुधाबीच्या यास बेटावर २०१० साली फेरारी वर्ल्ड सुरू झालं. जवळजवळ सगळं पार्क एका मोठ्या लाल छपराखाली आहे. दुबईत २०१६ साली आयएमजी वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर उघडलं, तेही बंदिस्त, १५ लाख चौरस फुटांचं. २०१८ साली यास बेटावरच वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आलं. आणि दुबईच्या एका मॉलमध्ये २००५ पासून स्की दुबई आहे. तिथे उणे एक-दोन अंशांत खरा बर्फ पडतो आणि त्या बर्फावरून लोक घसरत येतात. लांब कशाला, आपल्या हैदराबादला हुसेन सागराच्या जवळ २००४ पासून स्नो वर्ल्ड आहे. हैदराबादच्या मैत्रिणींनी भर मे महिन्यात जाड कोट चढवून नातवंडांना तिथे नेलंच असेल.

हे सगळं नुसते चोचले आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. आखाती देशांतला उन्हाळा आपल्या बेळगावच्या उन्हाळ्यासारखा नाही. समुद्र जवळ, हवा दमट. अंगाला घाम येतो, पण तो वाळत नाही. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं, तो नुसताच निथळत राहिला तर ताप आतच कोंडतो. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई अशा हवेत रांगेत तासभर उभी राहिली तर जिवावर बेतू शकतं. तिथल्या मुलांनी जुलै-ऑगस्टमध्ये खेळायचं कुठे? घरात कोंडून घेण्यापेक्षा छपराखालचं मैदान बरं. शरीराला नाहक त्रास देणं म्हणजेच धर्म, असं कुणी सांगू लागलं तर मी ते ऐकणार नाही.

पण म्हणून प्रश्न संपत नाही. तो संपत नाही, कारण एसी हे यंत्र थंडी तयार करत नाही. फ्रीज चालू असताना त्याच्या मागच्या बाजूला हात नेऊन बघा, गरम लागतो. एसीचं तसंच आहे. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. साधारण एक युनिट वीज खर्च करून तो तीन युनिट उष्णता बाहेर काढतो, आणि त्या विजेचीही उष्णताच होते, म्हणजे बाहेर पडते ती चार युनिट. आपलं अंगण झाडून केर शेजारणीच्या दारात लोटावा, आणि लोटताना त्यात आपल्याकडची मूठभर माती आणखी घालावी, तसा हा प्रकार. शिवाय आत-बाहेरच्या तापमानातलं अंतर जितकं जास्त, तितकं यंत्राला जास्त राबावं लागतं. वीज कुठून येते? आखातात मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून, आपल्याकडे मुख्यतः कोळसा जाळून. यंत्रातला वायू गळला तर तोही हवा तापवतो. हल्ली घरोघरच्या एसीत येणारा आर-३२ हा त्यातला बरा म्हणतात, पण तोसुद्धा वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट ताप धरून ठेवतो.

मग बाहेर कोण असतं, ज्याच्या दारात हा केर पडतो? पार्काच्या वाहनतळावर शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस. शेजारी नवं हॉटेल उभं राहत असेल तर त्याच्या पराचीवरचा माणूस. त्यांतले कितीतरी आपलेच. केरळचे, उत्तर प्रदेश-बिहारचे, तेलंगणातल्या करीमनगर-निजामाबादकडचे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला सरकारने बंदी घातली आहे. नियम चांगलाच आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते. त्या वेळी बाहेर राबणं माणसाला झेपत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तीन वाजून एक मिनिटाने हवा काही थंड होत नाही.

इथे आपल्यातल्या काही जणी पटकन म्हणतात, "सहन करावं लागतं, आपल्या धर्मात परीषह सांगितलेच आहेत की." बावीस परीषहांत शीत आणि उष्ण हे दोन्ही आहेत, हे खरं. भर वैशाखात तापलेल्या डांबरावरून अनवाणी विहार करणाऱ्या, पंखाही नको म्हणणाऱ्या आर्यिका माताजी आपण पाहतो आणि नतमस्तक होतो. पण परीषह म्हणजे स्वतः होऊन, समजून, समतेने सोसणं. पराचीवरच्या माणसाने ऊन निवडलेलं नाही. घरी पैसे पाठवायचे म्हणून तो उन्हात आहे. त्याच्या सोसण्याला तप म्हणणं हा त्याचाही अपमान आणि माताजींचाही. सहनशीलतेचा उपदेश माणसाने स्वतःला करावा. दुसऱ्याच्या उन्हाला तो लागू करायला लागलं की धर्माची सोय होते.

आता आपल्याला, म्हणजे श्रावक-श्राविकांना, काय सांगितलंय ते बघा. आपल्याला सगळं सोडायला सांगितलेलं नाही. स्वयंपाक, झाडलोट, घर चालवणं यांत होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला टळत नाही, हे आचार्यांनी मान्य केलं आहे. त्यांनी मागितलं ते परिमाण. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तीन गुणव्रतं येतात. त्यांतली दोन या विषयाला अगदी जवळची आहेत. अनर्थदंडव्रत आणि भोगोपभोगपरिमाणव्रत.

अनर्थदंड म्हणजे ज्यात काही अर्थ नाही, काही प्रयोजन नाही, अशी हिंसा. त्याचे पाच प्रकार सांगितलेत, त्यांत एक प्रमादचर्या. कारणाशिवाय जमीन उकरणं, पाणी उधळणं, अग्नी पेटवणं, झाडं तोडणं, आणि कारणाशिवाय वारा घालणं. वारा घालणंसुद्धा! पूर्वी हे वाचताना मला वाटायचं, इतकं बारीक कशाला? आज एसीच्या एका बटणात बघा, अग्नी आहे, पाणी आहे, वारा आहे, आणि कोळशासाठी खोदलेली जमीनही आहे. एका बोटाखाली चारही.

मग कसोटी सोपी होते. प्रयोजन किती? दमट उष्म्यातून आलेल्या माणसाला २४-२५ अंश, कोरडी हवा आणि वर पंखा एवढं मिळालं की शरीर निवतं. तिथवर प्रयोजन आहे. त्याच्या खाली जाऊन शाल काढायला लागली की तो अनर्थदंड. भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनेही २०२० पासून खोलीतले नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर यावेत, असा नियम केला. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, हा त्यांचाच हिशेब. म्हणजे आपण १८ वर ठेवून वर दुलई घेतो, तेव्हा वीज जाळून थंडी आणतो आणि कापसाने ती अडवतो.

आणि बायकांनी तर हे अगदी लक्षात ठेवावं. हे गार हॉल ज्या हिशेबाने गार ठेवतात, त्याबद्दल २०१५ साली नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात दोन डच संशोधकांनी लिहिलं. त्या हिशेबात धरलेलं शरीर आहे सुमारे चाळीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचं. बाईचं शरीर बसल्या जागी त्याहून कमी उष्णता तयार करतं. म्हणून तो कोट घालून मजेत, आणि आपण पदर लपेटून कुडकुडत. आपल्याला नको असलेली थंडी आपल्याच नावावर चालली आहे, आणि आपण ती "किती छान सोय" म्हणून सांगतो.

बर्फाचं काय? इथे मी जरा अडखळते. वाळवंटात बर्फ हा उघड अनर्थ वाटतो. पण ज्या पोराने कधी बर्फ पाहिला नाही, त्याच्या तळहातावर तो पहिल्यांदा पडतो, तेव्हाचा त्याचा चेहरा बघून "यात काही प्रयोजन नाही" असं मला म्हणवत नाही. आनंद हेही प्रयोजन आहे. तिथे दुसरं व्रत कामी येतं. भोगोपभोग-परिमाण आनंदाला नाही म्हणत नाही, त्याची मोजदाद करायला सांगतं. त्यातही यम म्हणजे जन्मभरासाठी, आणि नियम म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, अशी सोय ठेवली आहे. बर्फ एकदा दाखवावा. दर सुट्टीला दाखवायला लागलो की पोराच्या चेहऱ्यावरचं ते नवल राहत नाही, आणि आपलं परिमाणही राहत नाही. पण स्की दुबईत पेंग्विनही ठेवलेत, ते बघायला मी जाणार नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, म्हणजे जिवाला कोंडून ठेवणं, स्पष्ट सांगितलंय. तिथे अडखळायला जागाच नाही.

यावर एक सून मला म्हणाली, "मी गेले काय, न गेले काय, त्यांचा एसी चालूच राहणार ना!" खरं आहे. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन धरतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेली. तिकीट ही मान डोलावणं आहे. म्हणून तिकीट काढूच नये असं नव्हे, पण मान कशाला डोलावतोय हे ठाऊक असावं. आखातात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुरेख असते, बागा आणि उघडी पार्कं त्या दिवसांत भरून जातात. मुलांना भेटायला तेव्हाच जाता येत असेल तर जावं. मे-जूनमध्येच जावं लागलं आणि पार्कात फारच गार वाटलं, तर तिथल्या माणसाला सांगावं. ऐकतील न ऐकतील, पण बायका काही बोलतच नाहीत म्हणून सगळ्यांना गारच हवंय, असा समज तरी व्हायला नको.

आणि हे सगळं दुबईपुरतंही नाही. आपल्या गावात हल्ली मंगल कार्यालयं एसी झाली आहेत. आत शालू नेसून आपण गारठतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आचारी मोठ्या कढईसमोर उभा, आणि एसीचं गरम वारं सोडणारं यंत्र बहुतेक वेळा त्याच भिंतीला लावलेलं. बाहेर गाड्यांचे ड्रायव्हर झाडाची सावली शोधत असतात. पुढच्या चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, रात्रीचं पाणी सोडतो, तसा गारव्याचाही एक नियम घेऊन बघावा, चार महिन्यांपुरता. २५च्या खाली नाही. खोलीत कुणी नसताना नाही. आणि घरचं कार्य असेल तर हॉल ठरवतानाच विचारायचं, ते बाहेरचं यंत्र कुठे लावलंय, आचाऱ्याच्या शेडला पंखा आहे का, आणि ड्रायव्हरांना आत बसवायचं कुठे.