होईल आणि करीन

स्पर्धेचा ड्रॉ लागला त्या संध्याकाळी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे आजोबा हॉलवर आले. "ताई, परत तीच मुलगी समोर आली म्हणे. काय होईल?"

मागच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत त्याच मुलीने आमच्या मुलीला हरवलं होतं. अठरा वर्षं मी बॉक्सिंग शिकवते आहे आणि हा प्रश्न मला कितीतरी आईबापांनी विचारला आहे. पहिल्या लढतीआधी त्यात कुतूहल असतं. दुसऱ्या लढतीआधी भीती असते, कारण आता हाताशी पुरावा असतो. आजोबांनी जन्मभर भिक्षुकी केली. ते म्हणाले, "एकदा झालं ते प्रारब्ध. तेच पुन्हा व्हायचं असेल तर?"

त्यांना उत्तर देताना माझ्या मनात कृष्णवर्णीय अमेरिकन बॉक्सर जो लुईस होता.

१९ जून १९३६, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. बावीस वर्षांचा लुईस तोवर व्यावसायिक लढतीत एकदाही हरलेला नव्हता. समोर तिशीतला जर्मन मॅक्स श्मेलिंग, ज्याचे दिवस संपले असं जाणकार म्हणत होते. पण श्मेलिंगने आदल्या डिसेंबरात लुईसची एक लढत रिंगजवळ बसून पाहिली होती आणि एक गोष्ट हेरली होती. डाव्या हाताचा जॅब मारला की लुईसचा तो हात परत हनुवटीपाशी यायचा नाही, खाली रेंगाळायचा. क्षणभराचीच ती फट. श्मेलिंग आपला उजवा हात रात्रभर त्या फटीतून पाठवत राहिला. चौथ्या राउंडमध्ये लुईस पडला, बाराव्यात उठलाच नाही.

जर्मनीत नाझी वर्तमानपत्रांनी या निकालाचा अर्थ लावला तो वंशाचा. गोरं रक्त जिंकणारच होतं, काळं हरणारच होतं. प्रारब्धाची इतकी विषारी कल्पना मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडचं प्रारब्ध निदान माणसाच्या स्वतःच्या कर्मातून येतं. इथे जन्मच निकाल ठरवतो. दुसऱ्या लढतीचं भाकीत त्यांच्या लेखी केव्हाच झालेलं होतं.

ती लढत २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानात झाली. तोवर लुईस जगज्जेता झाला होता, पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय तो स्वतःला जगज्जेता मानायला तयार नव्हता. लढतीआधी एका क्रीडापत्रकाराने त्याला सांगितलं, माझा अंदाज सहा राउंडचा आहे. लुईसने एकच राउंड असं सांगून एक बोट वर केलं.

घंटा झाल्यापासून १२४ सेकंदांत सगळं संपलं. ती फिल्म मी मुलांना दाखवते. लुईस सुरुवातीपासूनच पुढे घुसतो, श्मेलिंगला उजवा हात सोडायला जागाच देत नाही. श्मेलिंग दोरांवर वळतो आणि वळता वळता त्याच्या बरगडीखाली मागच्या अंगाला ठोसा बसतो. तो किंचाळला होता, असं तिथे असलेल्यांनी सांगितलं आहे. त्याच्या कॉर्नरमधून टॉवेल आत पडतो.

मी हे आजोबांना सांगितलं आणि लगेच एक गोष्ट जोडली, कारण ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. या निकालाने वंशवाद खोटा ठरला असं मी मानत नाही. मानलं तर १९३६ साली तो खरा होता असंही मानावं लागेल. तो दोन्ही रात्री खोटाच होता. आणि पुन्हा लढल्याने हरलेला जिंकतो असाही काही नियम नाही. अलीकडच्या हेवीवेट लढतीच बघा: रुईझने जून २०१९ मध्ये जोशुआला चार वेळा खाली पाडून हरवलं, डिसेंबरात जोशुआ बारा राउंड लांबून खेळून गुणांवर जिंकला. उसिकने मात्र २०२४ च्या मे महिन्यात फ्युरीला हरवलं आणि डिसेंबरातही हरवलं.

"मग ते बोट काय होतं?" आजोबांनी विचारलं. "त्याला कळलं होतं का पुढचं?"

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "संकल्प होता तो. आम्ही तळहातावर पाणी घेऊन संकल्प सांगतो, त्यात काय होईल ते कधीच नसतं. आज अमुक तिथी, अमुक ठिकाणी, अमुक गोत्रात जन्मलेला मी, आणि शेवटी 'करिष्ये'. मी करीन."

इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. भाकीत लांबून पाहणाऱ्याचं असतं. त्याच्यासाठी दोन्ही माणसं तयार झालेल्या वस्तू असतात, वजन केलेल्या, उंची मोजलेल्या. संकल्प करणारा अजून घडत असतो, आणि त्याचा भूतकाळही त्या घडण्यात कामाला लागतो. पहिल्या हारीने लुईसला बांधून ठेवलं नाही. ती त्याला शिकवून गेली.

श्मेलिंगलाही सगळ्यांनी असंच तयार माणूस मानलं होतं. अमेरिकेत तो हिटलरचा माणूस ठरला. प्रत्यक्षात तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, आणि दबाव असूनही त्याने आपला ज्यू मॅनेजर सोडला नव्हता. १९३८ च्याच नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंची दुकानं फुटत होती, प्रार्थनास्थळं जळत होती, तेव्हा त्याने एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं. हे त्याने कित्येक वर्षं कोणाला सांगितलंही नाही. जूनमध्ये दोरांना टेकलेल्या त्या माणसाकडे बघून नोव्हेंबरचं कोणी काय सांगणार होतं? पुढे त्याची आणि लुईसची मैत्री झाली, लुईस गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला.

आजोबा बाकावर बसले. नात पिशवीवर जॅब मारत होती. मागच्या वर्षी तिचाही डावा हात खाली राहत होता, म्हणून हात हनुवटीपाशी परत आला तरच मी जॅब मोजत होते. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळिसाव्याला हात छातीशीच थांबला.

"पहिल्यापासून," मी म्हणाले. तिने मनगटावर सैल झालेलं बँडेज दातांनी ओढून घट्ट केलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.