जुना रुपया आणि जाणत्या गिऱ्हाइकाचा धर्म

चांदीचे जुने नाणे विकायला काढले की त्याला दोन किमती असतात. धातूची किंमत वजनावर आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावावर ठरते. ती कोणालाही काढता येते. नाण्याची किंमत साल, टांकसाळ, छाप, झीज आणि दुर्मिळपणा यांवर ठरते. ती जाणकारालाच कळते. विकणारा बहुधा घरगुती माणूस असतो आणि घेणारा धंद्यातला. त्यामुळे चांगले गिऱ्हाईक शोधण्याच्या या साध्या व्यवहारात नीतिशास्त्राचा एक जुना पेच दडलेला आहे. जास्त जाणणाऱ्याने कमी जाणणाऱ्याला किती सांगावे? आणि न सांगता घेतलेली वस्तू त्याची खरोखर होते का?

पेच किती खरा आहे हे महाराष्ट्रातल्या घरांत सापडणाऱ्या रुपयांवरून दिसते. १८३५ पासून ब्रिटिश अमदानीत एकसारखा रुपया पाडला जाऊ लागला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हाच एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून वजन तेच राहिले, पण चांदी निम्म्यावर आली. हा फरक काट्यावर कळत नाही. नाणे उभे धरून कड पाहिली, तर १९४० नंतरच्या रुपयाच्या दातऱ्यांमधून एक खाच फिरलेली दिसते. आधीच्या रुपयांना ती नाही. १९४७ च्या रुपयात तर चांदी मुळीच नाही, तो निकेलचा आहे. राणीछाप रुपयांवर १८६२ हे साल वाचून घरात हरखून जाणारे पुष्कळ असतात. पण तेच साल कायम ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले, त्यामुळे ते नाणे मुबलक आहे. उलट त्याहून कितीतरी नवा असलेला १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे आणि त्याची नक्कलही म्हणूनच होते. दरवर्षी रिठ्याने किंवा टूथपेस्टने घासून लखलखीत केलेले, अथवा माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेले नाणे संग्राहकाच्या लेखी उतरते. आटवणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. यातले विकणाऱ्याला सहसा काहीच ठाऊक नसते.

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात मांडली जाणारी नाणी विकावीत का, ही शंका अनेक घरांत आधी येते. पूजेपुरते लक्ष्मीचे रूप मानलेले नाणे आणि प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती यांत फरक आहे. त्याच दिवशी वह्यांचीही पूजा होते आणि पुढे त्याच वह्यांत जमाखर्च लिहिला जातो. त्यापेक्षा नाणी कोणाची हा प्रश्न अधिक गंभीर आहे. लग्नात सुनेच्या ओटीत पडलेले रुपये हे स्त्रीधन. ते घरातल्या कर्त्याने परस्पर सराफाकडे नेणे हा अपहारच होय, मग गरज कितीही मोठी असो. गिऱ्हाइकावरही इथे जबाबदारी येते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि खऱ्याच्या जागी नकली देणे हे तिन्ही दोष एकत्र येतात. नाण्यांच्या व्यापाराला हे तिन्ही नेमके लागू पडतात.

जाणता घेणारा आणि अजाण विकणारा यांची सर्वांत बोलकी कथा पाली जातकांत आहे. सेरिवाणिज जातकात एका बुडालेल्या सावकार घराण्यातली म्हातारी आजी आणि तिची नात एवढीच उरलेली असतात. जुन्या भांड्यांत काजळी चढलेले एक पात्र पडून असते. नातीला काही दागिना हवा म्हणून आजी ते पात्र फेरीवाल्यापुढे ठेवते. तो सुईने ओरखडा काढून पाहतो आणि सोने ओळखतो. पण याला अर्धा मासाही कोणी देणार नाही, असे म्हणून ते जमिनीवर टाकून निघून जातो. पुन्हा येऊन फुकटासारखे पदरात पाडायचे हा त्याचा बेत. मागून दुसरा फेरीवाला येतो, तो बोधिसत्त्व. हे पात्र लाख मोलाचे आहे आणि तेवढी रक्कम आपल्याजवळ नाही, असे तो सांगून टाकतो. आजी म्हणते, आधीच्याने तर याला कवडीमोल ठरवले. तुम्ही द्याल ते द्या. तो जवळचे पाचशे कार्षापण आणि पाचशेंचा माल देतो. स्वतःपुरते आठ कार्षापण, तराजू आणि पिशवी ठेवून घेतो.

कथेतला हिशेब सहसा नजरेतून सुटतो. लाखाच्या वस्तूला या सज्जनाने हजारच दिले आहेत, तरीही कथा त्याला निर्दोष मानते. कारण त्याने खरे मोल आधी सांगितले, ते ऐकून आजीने आपण होऊन वस्तू दिली, आणि त्याने हातचे राखून ठेवले नाही. पहिल्याने मात्र एक पैही न घेता अन्याय केला होता, केवळ तोंडच्या शब्दाने. म्हणजे न्याय्यपणाचे वजन इथे आकड्यापेक्षा सांगण्यावर पडलेले आहे. ही दृष्टी फार मोलाची आहे.

ग्रीक आणि रोमन विचारवंतांनी हाच वाद विकणाऱ्याच्या बाजूने मांडला. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात ऱ्होड्स बेटाचे उदाहरण आहे. बेटावर दुष्काळ, अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी धान्य घेऊन पहिला पोहोचला आहे, आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावे का? बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, मालातले दोष सांगावेत, बाकीचे सांगायला तो बांधलेला नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, काहीही लपवू नये. याच ग्रंथात स्केव्होला नावाच्या एका रोमन खरेदीदाराची हकिकत येते. त्याने जमिनीची किंमत विचारली, मालकाने ती सांगितली, तेव्हा आपल्या मते ती जास्त मोलाची आहे असे म्हणून त्याने लाख सेस्टर्स वाढवून दिले. संत ऑगस्टीननेही आपल्या ओळखीच्या एका माणसाबद्दल लिहिले आहे: हस्तलिखिताची किंमत न जाणणाऱ्या विक्रेत्याने थोडके पैसे मागितले असताना त्याने योग्य ती किंमत दिली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने यातून व्यवहारात वापरता येईल अशी रेषा आखली. बाजार पुढे उतरणार आहे हे सांगणे सद्गुणाचे असले तरी न्यायाने बंधनकारक नाही. पण कोणी पितळ समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळले असेल, तर तो व्यवहार अन्यायाचा आणि भरपाई देणे भाग.

यहुदी धर्मशास्त्राने तर मोजमापच ठरवून दिले. तालमूदनुसार बाजारभावापासून फरक एक षष्ठांशाहून कमी असेल तर व्यवहार पक्का. बरोबर षष्ठांश असेल तर फरक परत. त्याहून जास्त असेल तर व्यवहारच मोडता येतो. फसलेल्या खरेदीदाराला तक्रारीसाठी मुदत आहे: वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातलगाला दाखवून घेण्याइतकी. फसलेल्या विक्रेत्याला मात्र मुदतीचे बंधन नाही, कारण वस्तू त्याच्या हातून गेलेली असते, दाखवणार काय? विक्रेत्याची असहायता इतक्या बारकाईने क्वचितच कोणी ओळखली असेल. इस्लामी परंपरेतही गावाबाहेर जाऊन, बाजारभाव न कळलेल्या काफिल्यांकडून माल उचलण्याला मनाई आहे, आणि तसे झालेच तर बाजारात पोहोचल्यावर विक्रेत्याला सौदा रद्द करण्याची मुभा आहे. दारोदार फिरून जुनी चांदी गोळा करणाऱ्यांकडे पाहिले की या नियमाचा रोख आजही कळतो.

भारतीय शास्त्रकारांनी तराजूवर आणि नफ्यावर लक्ष ठेवले. मनुस्मृतीत दर सहा महिन्यांनी वजनमापांची तपासणी सांगितली आहे, आणि खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाला तर दहा दिवसांत ती फिरवण्याची सोयही आहे. कौटिल्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा योग्य मानला. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकायला काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते, कारण त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे. सारख्या तराजूने मात्र अर्धाच प्रश्न सुटतो. दुर्मिळ रुपया अचूक तोलून मोडीच्या भावाने घेतला तर काटा खरा आणि व्यवहार खोटा, असे होऊ शकते.

आजचा कायदा या बाबतीत अक्वायनसपेक्षा डायोजिनिसच्या जवळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, बोलण्याचे कर्तव्य असल्याशिवाय नुसते मौन म्हणजे कपट ठरत नाही. पण बोलण्याचे कर्तव्य कुठे निर्माण होते, हाच तर मुद्दा आहे. उघड लिलावात जाणकार एकमेकांशी चढाओढ करतात. विकणाऱ्याने किंमत त्या चढाओढीवर सोपवलेली असते, तिथे कोणा एकावर सांगण्याचा भार येत नाही. दुकानात येऊन नाणे पुढे ठेवणारी बाई जेव्हा ‘याचे काय येतील?’ असे विचारते, तेव्हा ती नाण्याबरोबर आपला भरवसाही समोरच्यावर टाकते. तिथले मौन हे उत्तरच असते, आणि ते खोटे असते. वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळवलेले ज्ञान फुकट का वाटावे, हा संग्राहकाचा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नफ्यात आहे. ज्ञानाचा मोबदला त्याने उघडपणे वजा करावा. ज्ञान त्याचे आहे. नाण्यातला दुर्मिळपणा मात्र विकणाऱ्याच्या मालकीचा आहे.

न्याय्य गिऱ्हाईक ओळखण्याच्या खुणा याच विचारातून निघतात. तो नाणी समोर तोलतो, चांदीचा त्या दिवसाचा भाव सांगतो, घट किती धरली आणि का, ते बोलून दाखवतो. १९४० च्या अलीकडचे-पलीकडचे रुपये वेगळे करतो, आणि जे नाणे आटवण्याजोगे नाही ते बाजूला काढून तसे सांगतो. दुसरीकडे विचारून या म्हणायला तो कचरत नाही. आधी नोंदणीचे पैसे मागणारा मात्र टाळावा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या विक्रीवर शुल्क उकळले जाते, असा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेले द्रव्य असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

एक अवघड प्रसंग उरतो. पिशवीभर रुपये दोघांनीही प्रामाणिकपणे वजनावर ठरवले, आणि घरी निवडताना घेणाऱ्याला त्यांत एक दुर्मिळ नाणे सापडले. करार कायदा म्हणतो, किमतीबद्दलचा चुकीचा समज ही वस्तुस्थितीबद्दलची चूक नव्हे, सौदा कायम. यहुदी परंपरेत शिमोन बेन शेताह याच्या शिष्यांनी घेतलेल्या गाढवाच्या गळ्यात रत्न सापडले, तेव्हा आपण गाढव घेतले, रत्न नव्हे, म्हणून त्याने ते परत करायला लावले. रुपयांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ते नाणे सौद्यातच होते, आणि ते ओळखण्याचे कष्ट घेणाऱ्याचे आहेत. म्हणून पूर्ण परतफेडीचा आग्रह धरता येत नाही. विकणाऱ्याला कळवून वाढीव रकमेत त्याला वाटा देणे, आणि नाणे नेमके कोणते निघाले तेही सांगणे, हा तोडगा दोन्ही बाजूंना धरून आहे.