पाठ आणि अर्थ

सुरतेतील उधना, लिंबायत या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथे घरी अहिराणी बोलणारे आणि रस्त्यावरच्या पाट्या गुजराती लिपीत वाचणारे मूल आजीबरोबर हरिपाठ म्हणू लागते, तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: अर्थ न कळता केलेल्या पठणाला वाचन म्हणावे काय?

यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथात, मंत्र निरर्थक असल्याचे कौत्साचे मत नोंदवून खोडले आहे, आणि अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याला केवळ भार वाहणारा खांब म्हटले आहे. मीमांसक शबरस्वामींनीही स्वाध्यायाचे, म्हणजे वेदाध्ययनाचे, प्रयोजन अर्थज्ञान हेच मानले. मात्र हा निर्णय मुलाला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. कारण पाठ झालेली ओळ पुढे छापील पानावर भेटते, तेव्हा ओळखीचा नाद अक्षरे जुळवण्यास साहाय्य करतो, आणि अर्थ विचारण्याजोगे काहीतरी हाताशी असते. अर्थात, विचारलेला प्रश्न ‘नुसते म्हण’ असे सांगून दडपला गेला, तर यास्कांचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

विनोबांची ‘गीताई’, म्हणजे गीतेचा मराठी पद्यानुवाद, अशाच घरगुती प्रश्नातून जन्मली: संस्कृत गीता आईला समजत नव्हती. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. हरिपाठाच्या पुस्तिकेशेजारी ही प्रवचने ठेवण्यास खानदेशी घराला वेगळे कारण लागू नये.