अधिकारी शिष्य कोण?

अध्यात्मविद्येच्या शिक्षणात पहिली अडचण अधिकाराची: शिष्य कोणाला करावे? वेदान्ताने विवेक, वैराग्य, शमादी षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व (मोक्षाची तळमळ) अशा चार अटी घातल्या. गीतेच्या चौथ्या अध्यायातला 34 वा श्लोक नम्रता, प्रश्न आणि सेवा सांगतो. यात प्रश्न सर्वांत मोलाचा; न विचारणारा शिष्य नुसता ऐकतो, शिकत नाही.

अटी कडक ठेवल्या तर विद्यार्थी मिळत नाहीत, सैल केल्या तर विद्या उथळ होते. मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडाजवळ, पावस गावी, या पेचाचे एक उत्तर सापडते. नाथपरंपरेतील स्वामी स्वरूपानंद (1903–1974) शिष्य जमवायला बाहेर पडले नाहीत. पावसच्या देसाईंच्या घरी एका खोलीत ते अनेक वर्षे राहिले आणि आलेल्या साधकांना सोऽहं (‘तो मीच’) साधना सांगत राहिले. मात्र वाटेतला एक अडसर त्यांनी स्वतः दूर केला. 1290 मधल्या ज्ञानेश्वरीची भाषा आजच्या वाचकाला अडते, म्हणून त्यांनी तो ग्रंथ सोप्या मराठीत अभंगरूपाने उतरवला. तळमळीची अट कायम राहिली, भाषेची गेली. गीता मराठीत आणताना ज्ञानेश्वरांनीही हेच केले होते.