सासरशी बोलणे तुटल्यावर



लग्नाआधी तरुण जोडपी आमच्याकडे येतात, तेव्हा बोलणे बहुधा तारीख, हॉल आणि पाहुण्यांची यादी यांवरच होते. त्यांतलीच काही जोडपी दोन-चार वर्षांनी पुन्हा येतात. मिस्सा संपून सगळे पांगले की हळूच विचारतात, "फादर, आम्ही घरी जाणे बंद केले आहे. फोनही घेत नाही. हे पाप आहे का?"

घरे वेगळी असली तरी कारणे फारशी वेगळी नसतात. सुनेचा पगार सासूच्या हाती द्यायचा. माहेरी कधी जायचे आणि किती दिवस राहायचे, हे सासऱ्यांनी ठरवायचे. बाळाचे नाव, त्याची शाळा, नव्या गाडीचा रंग, सगळ्याला वरून मंजुरी लागते. कधी उलटेही असते. मुलीची आई दिवसातून चार वेळा फोन करून जावयाचा संसार चालवत असते. मग एक दिवस कडाक्याचे भांडण होते आणि जोडपे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला जाते. पहिले काही महिने शांततेत जातात. पण पुढे बाळाचा बाप्तिस्मा येतो, नाताळ येतो, सासऱ्यांना दवाखान्यात दाखल केल्याची बातमी येते, आणि प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, फादरांना ना सासू ना सासरा, त्यांना यातले काय कळणार? तुमचे म्हणणे खरे आहे, आणि आमची एक चूक त्याला साक्ष आहे. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी असताना, अशाच एका सुनेला आम्ही सांगितले होते, "क्षमा कर आणि परत जा." तिने आमचा शब्द मानला. महिन्याभरात तिच्या पगाराचे पाकीट आणि तिचा मोबाईल पुन्हा दुसऱ्यांच्या कपाटात गेले. तिने क्षमा केली होती, पण त्या घरात काहीच बदलले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही हे दोन शब्द एका दमात उच्चारत नाही.

क्षमा करणे, समेट होणे आणि एकत्र नांदणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकट्याने करता येते. समोरचा माणूस ती मागो वा न मागो, सूड घेण्याचा आपला हक्क आपण सोडून देतो. समेटाला मात्र दोघे लागतात. एकाने चूक मान्य करायची असते आणि दुसऱ्याने ती पुन्हा उगाळायची नसते. एकत्र नांदायला त्याहून अधिक लागते, कारण विश्वास रोजच्या वागण्यातून परत मिळवावा लागतो. क्षमा आज करता येईल. घराची किल्ली आजच परत दिली पाहिजे, असे प्रभूने कुठेही सांगितलेले नाही.

"पण चौथी आज्ञा?" असे कोणी विचारील. आईबापांचा मान राखण्याची ती आज्ञा आहे आणि ती कधीच रद्द होत नाही. तरी मान आणि आज्ञापालन एक नव्हे. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की लग्न करावे की अविवाहित राहावे, याबाबतीत मुले आईबापांची आज्ञा पाळण्यास बांधलेली नाहीत. ख्रिस्तसभेचा आजचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की मुले स्वतंत्र झाली की आज्ञापालन संपते, आदर मात्र कायम राहतो. बायबलच्या दुसऱ्याच अध्यायात पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो. हे पुरुषाला सांगितले आहे, हे आमच्या तरुण नवऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आईशी बोलायचे अवघड काम बायकोच्या गळ्यात घालून स्वतः नामानिराळे राहणे बरे नव्हे.

बायबलमध्येच एका जाचक सासऱ्याची गोष्ट आहे. याकोबाने लाबानाच्या घरी वीस वर्षे राबून काढली. त्यातली चौदा दोन मुलींसाठी आणि सहा कळपासाठी. लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. अखेर लाबान मेंढरे कातरायला गेला असताना याकोब बायकामुले घेऊन गुपचूप निघाला. लाबानाने सात दिवस पाठलाग करून त्याला गिलादाच्या डोंगरात गाठले. दोघांनी एकमेकांना खूप सुनावले. निघून जाणारेही अगदी निर्दोष नव्हते, कारण राहेलने बापाच्या घरातल्या मूर्ती लपवून आणल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी दगडांची एक रास रचली आणि ठरवले की वाईट हेतूने यापलीकडे तूही यायचे नाही आणि मीही नाही. त्या एकाच राशीला लाबानाने आपल्या भाषेत नाव दिले, याकोबाने आपल्या. कोण चुकले यावर त्यांचे एकमत झाले नाही. सीमा कुठे, यावर मात्र झाले. माझ्या मुलींना छळू नकोस, ही बापाची रास्त काळजीही त्या करारात आली. मग ते एकत्र जेवले. सकाळी लाबानाने लेकी-नातवंडांचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला आणि तो आपल्या गावी परतला. दोघांची पुन्हा भेट झाल्याचे बायबल सांगत नाही.

आमच्या कोल्हापुरात याला बांध म्हणतात. बांध कोरला की भावाभावांत कोर्टकचेरी होते. बांध जागेवर असला की त्याच बांधावर बसून दोघे भाकरी खातात. रागाच्या भरात घातलेली भिंत मात्र पलीकडचे काही दिसू देत नाही. संबंध तोडावे लागले असतील, तर आता तिथे भिंत हवी की बांध, हे नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावे. बांध म्हणजे स्पष्ट, थोड्या आणि पाळता येतील अशा अटी. भेट ठरवून व्हावी, न सांगता येणे नको. पैशांचा आणि मुलांचा निर्णय आमचा राहील. आवाज चढला की आम्ही शांतपणे उठून जाऊ. हे नवऱ्याने, शक्य तर चिठ्ठी लिहून, एकदाच कळवावे. निरोप्या म्हणून नातवंडांना वापरू नये.

जिथे मारहाण किंवा जिवाची भीती आहे, तिथे भिंतच योग्य. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक छळाइतकीच शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांचीही दखल घेतो. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1919 मध्येच कायदा केला होता. न्याय मागणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे.

मात्र संबंध तुटले म्हणून देणे तुटत नाही. 2007 च्या कायद्याप्रमाणे म्हाताऱ्या आईवडिलांच्या पोटापाण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. औषधाचे पैसे पाठवायला गप्पा माराव्या लागत नाहीत. दुसरे देणे सत्याचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या सासऱ्यांचा कडक, तापट स्वभाव झाकून ठेवला नाही, पण लिहिताना विष कालवले नाही. आपल्या मुलांसमोर त्यांच्या आजी-आजोबांविषयी आपण तसे बोलू शकतो का?

आता दोन शब्द सासूसासऱ्यांसाठी. तुमचे दुःख आम्हाला दिसते. ज्याच्यासाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या, तोच फोन उचलत नाही. पण रूथच्या पुस्तकातली नामी आठवा. तिने विधवा सुनांना माहेरी जायला मोकळे केले. एक गेली, एक राहिली, आणि राहिली ती स्वतःच्या इच्छेने. 1918 मध्ये शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिकारीच्या अपघातात गेले. मागे राहिलेल्या इंदुमतीदेवी अजून बालवयातच होत्या. महाराजांनी या सुनेला पडद्याआड न कोंडता सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. सुनेवर अधिकार असणे आणि तिला उभे करणे, यांतले काय निवडायचे ते सासऱ्याच्या हाती असते.

तेव्हा "हे पाप आहे का?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे. जाच थांबवण्यासाठी दूर होणे पाप नाही. दूर होऊन रोज मनातल्या मनात त्यांना शिक्षा देत बसणे मात्र आपल्यालाच पोखरते. ज्यांना आपण घराबाहेर ठेवले, तेच मग आपल्या मनात मुक्कामाला येतात.

या आठवड्यात एवढेच करून पाहू या. ज्यांच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्यांचे नाव घेऊन रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक प्रणाम मरिया म्हणू या. त्यासाठी फोन करावा लागत नाही, दार उघडावे लागत नाही. पुढे कधी दार उघडायची वेळ आलीच, तर ते भीतीने किंवा लोकलाजेने नव्हे, आपल्या खुशीने उघडता यावे.