फोटोत मजुरी दिसत नाही

देखण्या इमारतीपुढं उभं राहून तिचा फोटो काढण्यात काही चूक आहे का? प्रश्न येडपट वाटेल. आपल्यापुढं एवढे प्रश्न पडलेत आणि यानं हे काय काढलं, असं काही दोस्त म्हणतील. म्हणू देत. गेले दोन महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात साच्यासारखा फिरतोय आणि बंद करायचा खटका सापडत नाही.

झालंय असं, की आमच्या वस्तीतला एक दोस्त कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की गाडी काढतो आणि तिथली जुनी स्पॅनिश मिशनं बघत फिरतो. कॅमेरा भारी घेतलाय. सांता बार्बराचे दोन मनोरे, कार्मेलचा घुमट, सॅन हुआन कापिस्ट्रानोची पडकी दगडी कमान, असे फोटो मला मोबाईलवर पाठवतो. फोटो देखणे आहेत, खोटं कशाला बोलू. कोवळं ऊन, मातकट पांढरी भिंत, कौलांची लाल ओळ, वर निळंशार आभाळ. माणूस एकही नाही. गर्दी नको म्हणून हा मुद्दाम भल्या सकाळी जातो. 'एकदम शांत वाटतं रे तिथं', असं त्यानं लिहिलं. त्या 'शांत' शब्दापाशी मी अडलो.

मिशन म्हटलं की आपल्याला मिशनची शाळा नाहीतर मिशनचा दवाखाना आठवतो. हे तसलं नव्हे. स्पेनच्या राजाला कॅलिफोर्नियाचा किनारा पाहिजे होता आणि तिथं वसवायला पुरेशी माणसं नव्हती. म्हणून फ्रान्सिस्कन पंथाचे साधू आणि मूठभर शिपाई पाठवले. १७६९ साली सॅन दिएगोला पहिलं मिशन झालं. १८२३ साली सोनोमाला शेवटचं, तोवर मेक्सिको स्पेनच्या हातून सुटला होता. एकूण २१. चर्च हा त्यातला एक तुकडा. बाकी कोठारं, शेतं, हजारो गुरं, कातडी कमवायचे हौद, आणि माग. हो, माग. लोकर पिंजायची, सूत कातायचं, घोंगड्या विणायच्या. हे वाचलं आणि मी ताठ बसलो. हे तर आपलंच खातं.

काम करणारे कोण? तिथलेच मूळचे लोक. कुमेयाय, टोंग्वा, चुमाश, ओलोनी आणि कितीतरी. सगळ्यांना दोरीनं बांधून आणलं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. काही नवं काय आहे ते बघायला आले. काही भुकेनं आले, कारण ज्या रानातल्या बियांवर ते जगायचे ते रान मिशनच्या गुरांनी चरून टाकलं होतं. पण एकदा डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं की परतीची वाट बंद. परवानगीवाचून बाहेर राहिला तर शिपाई धरून आणायचे. मग फटके, खोडा, बेड्या. बिनलग्नाच्या पोरींना रात्री एका खोलीत घालून कुलूप. मजुरीचं नाणं नाही. जेवण, घोंगडी, अंगावर कापड. दिवस घंटेवर चालायचा: प्रार्थनेची घंटा, कामाची घंटा, जेवणाची घंटा. आमच्या घरातली म्हातारी माणसं भोंग्यावर उठली-बसली, त्यामुळं घंटेचं मला कुणी समजावून सांगायला नको. पण पाळी सुटली की आमचा आजा गेटाबाहेर पडून घरी जायचा. तुटपुंजा पगार घेऊन, पण घरी.

इथं आपल्यातल्या काहींचे कान उभे राहतील, कारण धर्मांतर हा आपलाही शब्द आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला सांगितलं आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मधली २१ वर्षं स्वतः विचार केला, लोकांना करायला लावला. ज्याला नको म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला किंमत असते. ज्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्यातून आत जाण्याला मी धर्मांतर म्हणणार नाही. भरती म्हणेन.

तर फोटो. १७८६ साली ला पेरूझ नावाचा फ्रेंच दर्यावर्दी कार्मेलला उतरला. हा काही क्रांतिकारक नव्हता, राजाचा नोकर. तरी त्यानं लिहून ठेवलं की हे मिशन बघून आपल्याला वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे गुलामांचे मळे आठवले. त्याच्यासोबत चित्रकार होता. त्यानं काढलेल्या चित्रात मिशनपुढं मूळच्या लोकांच्या रांगा उभ्या आहेत, पाहुण्याला दाखवायला उभ्या केलेल्या. म्हणजे कॅमेरा यायच्या आधी चित्रात माणसं होती. कॅमेरा आला आणि माणसं गेली.

कशी गेली ते बघण्यासारखं आहे. कार्लटन वॉटकिन्स हा त्या मुलखातला मोठा फोटोग्राफर. १८७० नंतरच्या वर्षांत त्यानं मोठमोठ्या काचांवर मिशनांचे फोटो घेतले. तोवर १८३३ च्या कायद्यानं मेक्सिकोच्या सरकारनं मिशनं मोडीत काढली होती. जमिनीतला वाटा मूळच्या लोकांना मिळायचा, तो बहुतेक जमीनदारांच्या घशात गेला. कार्मेलचं छप्परही कोसळलं होतं. त्या काळच्या काचेला उजेड पाजायला काही सेकंद लागायचे. भिंत हलत नाही, ती ठसठशीत येते. चालता माणूस पुसट होतो, नाहीतर येतच नाही. कुणी कट केला नव्हता, यंत्राचा स्वभावच तसा. पण यंत्राच्या स्वभावाचं आणि मालकाच्या सोयीचं कसं बिनबोलता जमतं, हे गिरणीत काम करणाऱ्याला नवीन नाही.

मग गोष्ट आली. हेलन हंट जॅक्सन या बाईनं १८८१ साली अमेरिकन सरकारनं मूळच्या लोकांशी केलेल्या दगाबाजीवर पुस्तक लिहिलं आणि काँग्रेसच्या सभासदांना पाठवलं. कुणी ढिम्म हललं नाही. म्हणून १८८४ साली तिनं 'रमोना' कादंबरी लिहिली, निदान गोष्टीतून तरी काळजाला भिडेल म्हणून. कादंबरी धो धो खपली. वाचकांनी त्यातला अन्याय बाजूला ठेवला आणि जुन्या मिशनांचं गोड स्वप्न तेवढं उचललं. आगगाडीनं लोक दक्षिण कॅलिफोर्नियाला जायला लागले, रमोनाचा मुलूख बघायला. लिहिणाऱ्या पोरांनो, हे ध्यानात ठेवा. आपल्या कवितेतलंही लोक नेमकं काय उचलतील याचा भरवसा नाही. १८९५ साली चार्ल्स लमिसनं, तोही कॅमेरा चालवणारा, पडकी मिशनं वाचवायला मंडळ काढलं. भिंती वाचल्या, बरं झालं. पण त्याच वेळी मूळच्या लोकांना जमिनी राखून देण्याचे १८५१-५२ मधले १८ करारनामे सिनेटच्या दप्तरात गुप्त पडून होते. सिनेटनं ते मंजूर केले नाहीत आणि १९०५ पर्यंत उजेडातही येऊ दिले नाहीत. भिंतीला छप्पर मिळालं, माणसाला मिळालं नाही.

आता माझा खरा मुद्दा. ला पुरिसिमा नावाचं मिशन आहे. फेब्रुवारी १८२४ मध्ये शेजारच्या सांता इनेस मिशनात ला पुरिसिमाच्या एका चुमाश तरुणाला फटके मारले आणि बंड पेटलं. चुमाश लोकांनी ला पुरिसिमा जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवलं. १६ मार्चला शिपाई आले. १६ चुमाश मारले गेले, पुढं सात जणांना देहदंड दिला. नंतर ते मिशन पडलं, मातीला मिळालं. १९३० नंतरच्या मंदीत सरकारनं बेकार तरुणांच्या फौजेकडून ते पुन्हा उभं करवलं. त्या पोरांनी जुन्याच रीतीनं माती तुडवली, साच्यात घातली, उन्हात वाळवली. अडोब म्हणजे आपली कच्ची वीटच. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले २५ घरी धाडले जायचे. आज लोक जाऊन फोटो काढतात ते या भिंतींचे.

म्हणजे बघा. एक वीट फटक्याच्या धाकानं थापलेली, दुसरी महिन्याच्या पगारावर. पहिला पळाला तर शिपाई मागं लागणार, दुसरा नको म्हणाला तर घरी जाणार. माणसाच्या आयुष्यात याच्याएवढा मोठा फरक दुसरा नाही. आणि फोटोत दोन्ही विटा सारख्या! फोटो खोटं बोलत नाही म्हणतात. तो बोलतच नाही. बोलायचं काम काढणाऱ्याचं आहे. 'शांत' हा शब्द भिंतीचा नव्हता, माझ्या दोस्ताचा होता.

हे मी त्याला कळवलं तर तो चिडला. म्हणाला, मग काय डोळे मिटून फिरू? सुंदर आहे ते सुंदर म्हणायचं नाही? आपल्यातलेही काही कडक कार्यकर्ते हेच उलट्या बाजूनं म्हणतील, की शोषणातनं उभं राहिलेलं सौंदर्य हे सौंदर्यच नव्हे, पाडा. मला दोन्ही पटत नाही. मी सूतगिरणीत काम करतो. माझ्या साच्यावर सूत एकसारखं निघालं तर ते चांगलं सूत आहे. पगार कमी दिला म्हणून सूत वाईट होत नाही, आणि सूत चांगलं म्हणून पगार बरोबर होता असंही होत नाही. त्या भिंतीची सफाई, त्या कमानीचा बाक ही राबणाऱ्या हातांची कमाई आहे. ती साधूच्या खात्यावर मांडणं ही एक चोरी. आणि ती वाईट म्हणून फेकून देणं ही त्याच हातांची दुसऱ्यांदा चोरी.

साधूची बाजू मी वाचली नाही असं कुणी म्हणू नये. हुनिपेरो सेरा हा त्यांचा म्होरक्या. त्याच्या हयातीत नऊ मिशनं झाली. शिपाई बायकांवर अत्याचार करतात म्हणून तो मेक्सिकोपर्यंत तक्रार घेऊन गेला. १७७५ साली सॅन दिएगोचं मिशन जाळणाऱ्यांचा जीव घेऊ नका, असंही त्यानं कळवलं. आणि फटक्यांचं समर्थनही त्यानंच केलं, की बाप लेकरांना मारतो तसं हे. माझ्या मते क्रूर मालकापेक्षा हा बाप-मालक भारी पडतो. क्रूर मालकावर दगड उचलता येतो. बापावर हात उचलायला आपलाच हात कचरतो. वयात आलेल्या माणसाला ज्यानं लेकरू ठरवलं, त्यानं त्याची मजुरी तिथंच बुडवली, कारण लेकराला मजुरी देत नसतात. २०१५ साली पोप फ्रान्सिसनी सेराला संत केलं. २०२० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी त्याचे पुतळे दोर लावून पाडले.

पुतळा आणि भिंत मी एका मापानं मोजत नाही. पुतळा मालकाचा असतो, भिंत गवंड्याची. आणि भिंतीचं काय करायचं हे माझ्या दोस्तानं किंवा मी ठरवायचं नाही. त्या लोकांचे वंशज आहेत, जिवंत आहेत. काही जण आजही त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला जातात, वाडवडील तिथं पुरलेत म्हणून. काही जण त्या दारात पाऊल टाकत नाहीत. रस्त्याकडेला मिशनच्या घंटेची नक्कल टांगलेले खांब १९०६ पासून लावत आलेत, प्रवाशांना मौज म्हणून. अमाह मुत्सुन लोकांनी सांगितलं की ही घंटा आमच्या कानाला मौजेची नाही. २०१९ साली सांता क्रूझच्या विद्यापीठानं आपल्या आवारातली घंटा उतरवली. बिनमाणसाचा फोटो बघून 'ते लोक होते' असं वाटतं. ते 'आहेत'. हा नुसत्या काळाचा फरक नाही.

शाळेतलंही सांगतो. तिथं चौथीच्या पोरांकडून वर्षानुवर्षं मिशनच्या प्रतिकृती करून घ्यायचे, साखरेच्या वड्या चिकटवून. साखरेची भिंत! २०१६ साली राज्याच्या अभ्यासक्रमानं सांगितलं की असल्या प्रतिकृतींनी पोरांना काही कळत नाही. सांगायला उशीर झाला, पण सांगितलं.

आणि एक फोटो असाही आहे, जो मी दोस्ताला उलट पाठवला. सॅन फ्रान्सिस्कोचं मिशन डोलोरेस. त्याच्या आवारात आणि आसपास पाच हजारांहून जास्त मूळचे लोक पुरलेत. आत १७९१ च्या सुमारास ओलोनी माणसांनी वेदीमागची अख्खी भिंत रंगवली होती. १७९६ साली मेक्सिकोहून कोरीव लाकडी वेदी आली आणि त्या भिंतीपुढं उभी राहिली. चित्र मागं गेलं. दोनशे वर्षं तिथं उजेड नाही, म्हणून रंगही टिकले. २००४ साली बेन वुड हा चित्रकार आणि एरिक ब्लाइंड हा पुरातत्त्ववाला माळ्यावर चढले. तिथल्या झडपेतनं दिवा आणि कॅमेरा त्यांनी दोरानं त्या अरुंद फटीत खाली सोडला. एका फोटोत मावेना, म्हणून तुकड्या-तुकड्यानं घेतलं आणि मग जोडलं. ख्रिस्ताचं हृदय, त्यात घुसलेली तलवार, भोवती नक्षी. विषय साधूंनी दिलेला असेल. पण ब्रश फिरवणारा हात कुठं थांबला, कुठं दाबला ते दिसतं.

मूळ चित्र अजून तिथंच आहे, अंधारात. आत गेलेला प्रवासी पुढच्या सोनेरी वेदीचा फोटो काढतो.